आमच्या सोरॉरिटीची हेडमास्तरीण

दुसऱ्याच्या परीक्षेचं टेन्शन घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती बहुतेक कुणाची तरी आई किंवा वडील असतात. हेडमास्तरीण वीस वर्षांची होती. आम्ही कॉलेजच्या मुली जिथे राहायचो त्या घरातल्या कुठल्याही मुलीचा पेपर असला की हिच्या घशाखाली नाश्ता उतरत नसे. मुलगी परत येईपर्यंत ही पुढच्या पायऱ्यांवर बसून राहायची आणि ती लांबून दिसली रे दिसली की उभी राहून ओरडायची, "कसा गेला?" उंची जवळजवळ सहा फूट, पायात काउबॉय बूट आणि आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या मुलग्यांच्या घरातली मंडळीही खिडकीशी यायची. या सगळ्यात तिचा स्वतःचा पेपर कधी असतो हे कुणालाच ठाऊक नसे. माझा तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

ही हकिगत ऐंशीच्या दशकातली, टेक्ससमधली. मी प्लेनोच्या आमच्या घरापासून पाच तासांवरच्या एका युनिव्हर्सिटीत शिकायला गेले आणि थोड्याच दिवसांत एका सोरॉरिटीत शिरले. सोरॉरिटी म्हणजे काय, हे बाबांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. ग्रीक अक्षरांचं नाव असलेलं एक मोठं घर, त्यात साठेक मुली राहतात, एकमेकींना सिस्टर म्हणतात, एकसारखे टी-शर्ट घालतात, गाणी म्हणतात, वसंतात मोठा डान्स असतो. "म्हणजे हॉस्टेल की महिला मंडळ?" बाबांनी विचारलं. बाबा मूळचे नागपूरचे, हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. पेशंट सोडून बाकी कुणाला झोपू द्यायचं नाही असा त्यांचा बाणा. "आणि अभ्यास कोण करतं तिथे?" हा त्यांचा दुसरा प्रश्न. मी घाईघाईने सांगितलं, की सगळ्यांचे ग्रेड वर आणण्यासाठी घरातल्याच एका मुलीची खास नेमणूक असते. ते ऐकून बाबांचा चेहरा निवळला. "अस्सं! हेडमास्तरीण आहे तर. मग जा." तिचं खरं नाव पेगी, पण आम्हा बापलेकींत ती त्या दिवसापासून हेडमास्तरीण झाली. ती बोलायची अर्थात इंग्रजीत, टेक्सन हेल काढून. मी इथे तिला मराठीत बोलायला लावते आहे.

बाबांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. दर टर्मच्या शेवटी कॅम्पसवरच्या सगळ्या सोरॉरिट्यांचा सरासरी ग्रेड जाहीर व्हायचा आणि त्यात आमचं घर कायम तळाशी असायचं. आमच्या मुलींना त्याचं काही वाटत नसे. गाण्यात पहिल्या, सजावटीत पहिल्या, अभ्यासात शेवटच्या, आणि तिन्ही गोष्टी त्या सारख्याच अभिमानाने सांगायच्या. हेडमास्तरीण निवडून आली ती हे बदलायचं असं म्हणून.

तिची पद्धत एकच, कौतुक करायचं. तिच्या वडिलांचं पश्चिम टेक्ससमधल्या एका लहान गावात पेंड आणि गुरांचं खाद्य विकायचं दुकान होतं. तिथून तिने गाईच्या गळ्यातली एक मोठी घंटा आणून जेवणघराच्या दाराशी टांगली. कुणाला ए मिळाला की घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी काटे-चमचे टेबलावर आपटायचे. पहिल्या महिन्यात ती घंटा जेमतेम दोनदा वाजली, त्यातली एक माझी. मग हेडमास्तरणीने नियम सैल केला. बीला वाजायला लागली, सीला वाजायला लागली आणि एका संध्याकाळी लोरी नुसती लायब्ररीत जाऊन आली म्हणून वाजली. लोरी म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात रडकी आणि सगळ्यात सुंदर केसांची मुलगी. मी चिडले. चौऱ्याण्णव मार्क मिळवून घरी गेलं तर "बाकीचे सहा कुठे सांडले?" असं विचारणाऱ्या घरात मी वाढले होते. लायब्ररीत जाण्याबद्दल घंटा? हेडमास्तरीण शांतपणे म्हणाली, "मॅडी, लायब्ररी कुठे आहे हेच तिला दीड वर्ष माहीत नव्हतं." माझं नाव माधवी, पण तिच्या जिभेवर ते कधी पुरतं आलंच नाही.

दर टर्मला एक जेवण असायचं. चांगल्या ग्रेडवाल्यांना स्टेक, वाईट ग्रेडवाल्यांना उकडलेल्या घेवड्याच्या बिया, आणि दोन्ही गटांची टेबलं वेगळी. ही प्रथा हेडमास्तरणीची नव्हे, फार जुनी होती. मी मोठ्या ऐटीत स्टेकच्या टेबलावर बसले आणि मग लक्षात आलं की मी शाकाहारी आहे. म्हणून माझ्यासमोर बिया आणून ठेवल्या, तर त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे. अख्ख्या घरात पहिली आलेली मुलगी त्या रात्री ब्रेड आणि चीज खाऊन उठली. ते मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण पलीकडच्या टेबलावर काय चाललं होतं! बियांच्या टेबलाच्या डोक्याशी खुद्द हेडमास्तरीण बसली होती. तिने तिथे मेणबत्त्या लावल्या होत्या, सगळ्यांना कागदी टोप्या घातल्या होत्या आणि हसून हसून मुलींच्या डोळ्यांत पाणी येत होतं. थोड्या वेळाने स्टेकवाल्या मुली आपापल्या प्लेट उचलून तिकडे जाऊन बसल्या. मी तिला विचारलं, "ही शिक्षा आहे ना?" ती म्हणाली, "शिक्षा तर त्यांना वर्गात रोजच होते गं." ती त्या टेबलावर यजमानीण म्हणून बसली आहे, असंच आम्ही सगळ्या समजत होतो. ती तिथे का बसली आहे, हे कुणी विचारलंच नाही.

विचारलं ते बाबांनी. दर रविवारी सकाळी ते फोन करायचे. घराचा फोन जिन्याखाली होता आणि तो वाजला की हेडमास्तरीणच उचलायची. मी त्यांना बाबा म्हणते म्हणून तीही बाबाच म्हणायची. "हाय, बाबा! मॅडीला केमिस्ट्रीत ए मिळाला!" पलीकडून बाबा म्हणायचे, "डोंट प्रेझ हर सो मच." पण त्यांना ती आवडायला लागली होती. कधी कधी माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त वेळ बोलायचे, आणि लाँग डिस्टन्सचं बिल आलं की माझ्यावर ओरडायचे. एका रविवारी मी शेजारी उभी असताना त्यांनी तिला आपल्या पद्धतीने सरळ विचारलं, "अँड युवर मार्क्स?" आपल्याकडे हा प्रश्न रस्त्यात भेटलेल्या परक्या मुलालाही विचारतात. अमेरिकेत तो कुणी कुणाला विचारत नाही. हेडमास्तरीण फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली. "चाललंय, बाबा," म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन निघून गेली. तिला एवढ्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या दुपारी मी तिला गाठलं आणि खोदून खोदून विचारलं. तिला प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी कॉलेजचं एक गणित पास होणं भाग होतं आणि त्यात ती एकदा नापास झाली होती. बाकीच्या विषयांतही कसंबसं निभावत होती. मागच्या टर्मला तिची सरासरी सीच्या खाली गेली होती. या टर्मला पुन्हा गेली तर युनिव्हर्सिटी तिला एक वर्ष घरी बसवणार होती. "घरी म्हणजे दुकानात," ती म्हणाली. "डॅडी म्हणतात, एकदा परत आलीस की हा कॉलेजचा नाद सोडायचा." हे सगळं तिने हसत हसत सांगितलं आणि घड्याळ बघून उठली. लोरीची इतिहासाची तयारी घ्यायची होती.

मी तिला गणित शिकवायचं ठरवलं. शिकवणं सोपं होतं, तिला एका जागी बसवणं महाकठीण. तिच्या खोलीत बसलो की दारावर टकटक. "पेगी, मला उद्या प्रेझेंटेशन आहे, ऐकतेस?" ही वही मिटून तयार. मी दारावर 'आत येऊ नये' असा कागद लावला, तिने तो काढला, म्हणाली, "कुणाला वाईट वाटेल." मग आम्ही तळघरात कपडे धुण्याच्या मशीनपाशी बसायला लागलो. तिथे मुली एकेक मोजा धुवायला घेऊन यायला लागल्या. शेवटी मी तिला माझ्या गाडीत बसवलं, पार्किंगच्या टोकाला गाडी नेली, काचा वर केल्या आणि वही तिच्या मांडीवर ठेवली. एका समीकरणापर्यंत कशीबशी पोचलो असू, तेवढ्यात लोरी रडत रडत गाड्यांच्या मधून येताना दिसली. मी म्हटलं, "काच खाली करायची नाही." हेडमास्तरणीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी रडतं पोर रस्त्यावर टाकायला सांगते आहे. काच खाली झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मला तिचा राग यायचा त्याचं कारण ती ढ नव्हती. ढ असती तर मी हात टेकले असते. वसंतातल्या डान्सच्या संध्याकाळी घर रिकामं झालं. ज्यांची सरासरी सीच्या खाली त्यांनी डान्सला जायचं नाही, हा नियम त्या वर्षी तिनेच सुचवून पास करून घेतला होता, आणि तो तिलाही लागू होता. तिने दुपारभर सगळ्यांचे केस करून दिले, पाठीवरचे हूक लावून दिले आणि पायऱ्यांवर उभी राहून हात हलवले. मला डान्सला जायची परवानगी घरून मिळणार नव्हतीच. दोघीच उरलो. जेवणघराच्या मोठ्या टेबलावर वह्या पसरून आम्ही बसलो आणि त्या एका संध्याकाळी तिने अर्धं पुस्तक संपवलं. एकदा दाखवलं की कळायचं, आणि कळलं की ती ते मला माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत परत समजावून सांगायची. मी आनंदाने टेबलावर हात आपटला. "अगं, तुला येतंय की सगळं!" ती लाजली. दिवसभर सगळ्यांना शाबासकी वाटणाऱ्या त्या मुलीला स्वतःची शाबासकी घ्यायची सवयच नव्हती. मला वाटलं, सुटलो. शेवटची तीनच प्रकरणं राहिली होती.

ती तीन प्रकरणं कधी झालीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लोरीने तिचा ताबा घेतला. लोरीला त्याच गणिताचा तोच पेपर होता आणि तिला पहिल्या प्रकरणापासून काहीच येत नव्हतं. हेडमास्तरीण तिला पहिल्यापासून शिकवायला बसली. मी म्हटलं, "तू शेवटची तीन कर, लोरीला मी बघते." मी दोन दिवस लोरीला घेतलंही. माझ्यासमोर बसली की लोरीचं डोकं बंद पडायचं, कारण मी तिला सारखी "हे एवढं पण येत नाही?" असं विचारत होते. ती पुन्हा हेडमास्तरणीकडे पळाली. परीक्षा आली तेव्हा लोरीची सगळी प्रकरणं झाली होती, कारण शेवटची तीन मी तिला त्या दोन दिवसांत ओरडत ओरडत शिकवलीच होती. हेडमास्तरणीची तेवढी राहिली. पेपरात नेमकी त्यांनाच जास्त वजन होतं. लोरीला बी मिळाला. हेडमास्तरीण थोडक्यात नापास झाली.

आणि त्याच टर्मला आमचं घर तळातून उठून वरच्या चारांत आलं. जाहीर झालं तेव्हा मुली वेड्यासारख्या किंचाळल्या. हेडमास्तरीण खुर्चीवर चढून घंटा वाजवत होती आणि एकेकीचं नाव घेऊन ओरडत होती. तिचा निकाल तिच्या खिशात होता. मला तो सकाळीच कळला होता, आणि त्या आनंदात उभं राहणं मला अशक्य झालं. मी जिन्याखाली जाऊन बाबांना फोन केला आणि हुंदके देत सगळं सांगितलं.

बाबांनी जे केलं ते फक्त आपल्याकडचा माणूस करू शकतो. त्यांनी दुसऱ्या दिवशीची ऑपरेशनं एका मित्रावर सोपवली, सूट घातला आणि पाच तास ड्राइव्ह करून थेट डीनना भेटायला आले. दुसऱ्याच्या मुलीसाठी! डीन नम्रपणे म्हणाले, की विद्यार्थिनीच्या निकालाबद्दल ते तिच्या सख्ख्या वडिलांशीसुद्धा तिच्या परवानगीशिवाय बोलू शकत नाहीत, आणि बाबा तर तिचे कुणीच लागत नाहीत. बाबा चक्रावले. "आय अॅम लाइक हर फादर," ते म्हणाले. "वडिलांशी बोलत नाही तर मग कुणाशी बोलता?" बराच वेळ ते तिथून हलेनात, तेव्हा डीननी एवढंच सांगितलं, की कुणाही विद्यार्थ्याला स्वतः अर्ज करून अडचण मांडता येते आणि त्यावर विचार होतो.

हे ऐकून आम्ही दोघं धावत सोरॉरिटीच्या घरी आलो. हेडमास्तरीण आपल्या जुन्या पिकअपमध्ये खोकी चढवत होती. बाबांना बघून तिने त्यांना मिठीच मारली. बाबा अवघडून उभे राहिले. मी म्हटलं, "अर्ज लिही. आत्ता. मी टाइप करते." ती म्हणाली, "काय लिहू, मॅडी? येत होतं पण केलं नाही, असं?" मी ओरडले, "हो! असंच लिही! साठ मुलींचं करत होते, असं लिही!" ती मान हलवत राहिली. "मग त्यांच्यामुळे झालं असं होईल. ते खरं नाही." बाबांनी समजावलं, मी समजावलं, पण स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की तिचे ओठ शिवले जायचे. दुसऱ्यासाठी तीच मुलगी प्रोफेसरांच्या दारात तासन् तास बसून राहिली असती. गाडी वळून दिसेनाशी झाल्यावर बाबा बराच वेळ तिथेच उभे होते. "ही पोर सगळ्यांना ढकलत नेते," ते म्हणाले, "हिला कोण ढकलणार?"

मी ढकलायचं ठरवलं. ती गेल्यावर तिचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दंड ठेवले, ओरडले, अभ्यासाच्या तासांची हजेरी घेतली, आणि घर एका वर्षात पुन्हा तळाशी गेलं. पण माझं खरं लक्ष होतं तिच्याकडे. वर्ष भरत आलं होतं. परत प्रवेश घ्यायचा तर तिने वसंतात अर्ज पाठवायला हवा होता. मी कोरा अर्ज तिला पोस्टाने पाठवला, तिच्या वडिलांचं मन वळवायला बाबांकडून त्यांना फोन करवला. वडील शेवटी म्हणाले, "तिची इच्छा असेल तर जाऊ दे." आता कसली अडचण उरली नव्हती. फक्त तिने अर्ज भरून पाकिटात घालायचा होता.

एप्रिलमध्ये मी दुकानात फोन केला. तिने उचलला. लोरी कशी आहे, अमकीची बायॉलॉजी झाली का, तमकी अजून सकाळचे तास बुडवते का, सगळ्या मुलींची चौकशी एकेक करून झाली. मी मधेच विचारलं, "अर्ज पाठवलास?" ती म्हणाली, "थांब हं, एक गिऱ्हाईक आलंय," आणि फोन काउंटरवर ठेवला. मला सगळं ऐकू येत होतं. कुणी तरी म्हातारा माणूस होता. त्याला ट्रकच्या लायसन्ससाठी लेखी परीक्षा द्यायची होती आणि तो दुसऱ्यांदा नापास होऊन आला होता. पोत्यांच्या मागून हेडमास्तरीण त्याला प्रश्न विचारत होती. "बरोबर! बघा, येतंय तुम्हाला. आता पुढचा." मी बिलाचा विचार न करता फोन धरून उभी राहिले.

ती परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. "पास होणार बघ हा माणूस," ती म्हणाली. मी पुन्हा अर्जाचं विचारलं.

"मुदत मंगळवारीच संपली, हनी," ती त्याच खुशीतल्या आवाजात म्हणाली.

मग माझा बांध फुटला आणि मी मराठीत सुरू झाले. इंग्रजी मला पुरेना. किती मूर्ख आहेस, तुझ्यासाठी माझा बाप पाच तास गाडी चालवत आला, तू शिकवलंस तसं मला कुणी शिकवलं नाही, पोरांच्या शाळेत असायला हवीस तू आणि तिथे पेंड विकत बसली आहेस, काय काय बोलले. जिन्यावरून जाणाऱ्या मुली थांबून बघत होत्या. पलीकडे ती एक शब्द न समजता सगळं ऐकत होती. मधे एकदाही तिने मला थांबवलं नाही. माझा आवाज संपला तेव्हा तिच्याही नाक ओढण्याचा आवाज येत होता.

"आय नो, मॅडी," ती म्हणाली. "आय नो."

मग तिने नाक शिंकरलं, घसा साफ केला आणि विचारलं, "तुझा पहिला पेपर कधी आहे?"

मी रडत रडत तारीख सांगितली.